हत्तीच्या सावलीत

दसऱ्याच्या सुटीत हे मला हैदराबादेहून अंबाजोगाईची लेणी दाखवायला घेऊन आले होते. स्टेशनापासूनच्या बैलगाडीच्या प्रवासानं माझं अंग आंबून गेलं होतं. हे एकेक मूर्ती समजावून सांगत होते आणि मी नुसती मान डोलवत होते.

लेण्यांच्या अंगणातल्या दगडी हत्तीच्या सावलीत एक बाई सरपणाचा भारा उतरवून बसली होती. वयानं माझ्याएवढीच असेल. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट दाबायची, मग हात बदलायची. मीही तिच्याजवळ टेकले. समोरच्या भिंतीवरच्या देवीचे दोन्ही हात कोपरापासून तुटलेले होते.

"किती सुंदर असतील हिचे हात!" मी म्हणाले. "वाईट वाटतं बघून."

तिनं देवीकडे बराच वेळ पाहिलं. "बरं झालं की ओ, अक्का. सुटली."

"का गं?"

"आता तिला दळ, पानी आन, सरपन आन, आसं कुनी म्हननार न्हाई."

ती हसली नाही, म्हणून मलाही हसता आलं नाही. थोड्या वेळानं बोलता बोलताच तिची मान हत्तीच्या पायावर कलली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ती दचकून जागी झाली. "लई येळ झाला का ओ? सासू वाट बघत आसंल."

यांनी खिशातलं घड्याळ काढलं. मी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "नाही गं, आत्ताच तर डोळा लागला तुझा. पड जरा."

तिनं उन्हाकडे पाहिलंच नाही. माझ्या शब्दावर विसंबून पुन्हा डोळे मिटले. घरी तिला काय ऐकून घ्यावं लागलं असेल, कुणास ठाऊक. आम्ही चपला हातात घेऊन, पाय न वाजवता निघालो.