चार्जिंगच्या खोलीतला वास

"मेंढरांत जन्म गेला तुझा. तुला कसला गं वास येतो?"

गोदामाचे साहेब सगळ्यांसमोर बोलले. सुपरवायझर हसला. ऑफिसातल्या दोन मॅडम तोंडावर रुमाल धरून हसल्या. मी खाली मान घालून उभी.

आम्ही पाचोडकडचे धनगर. बापाची मेंढरं होती, त्याची मला कधी लाज नव्हती. त्या दिवशी मात्र घरी जाऊन तीनदा अंग घासलं.

शहराबाहेरच्या गोदामात मी बॅटरीच्या मशीननं फरशी धुते. मशीन चार्जिंगला लावायची खोली बिनखिडकीची. आम्ही बायांनी साडी तिथंच बदलायची, डबा तिथंच खायचा. कॅन्टीनमधी आमचं बसणं चालत नाय. बॅटरी तापली की सडक्या अंड्यासारखा वास सुटायचा. डोळे चुरचुरायचे. बॅटरीत पाणी भरताना आतलं तेजाब उडून साडीला बारीक भोकं पडायची. साडीचं हे असं, तर छातीत काय झालं असंल? तेच विचारायला गेले होते मी साहेबांकडं.

पुढच्याच आठवड्यात माझ्यासंगं फरशी धुणारी कमलबाई आन् मी तिथं जेवायला बसलो. वास लई होता. दोन घास खाल्ले आन् वास एकदम गेला. मला बरं वाटलं. तेवढ्यात कमलबाई भाकरीचा तुकडा हातात धरून आडवी झाली. माझं डोकं गरगरलं. पायाला धरून तिला कशीबशी बाहेर ओढली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बॅटरीचा विषारी गॅस गेला नव्हता. त्यानं तुमचं नाक बधिर झालं होतं. अजून बसला असतात तर दोघीही उठला नसतात."

बरं वाटलं होतं मला. मरण जवळ आलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

कमलबाई वाचली. ती खाटेवर असतानाच साहेबांनी मला बोलावलं. पहिल्यांदा खुर्ची दिली. कागद पुढं सरकवला. कमलबाई उपाशी होती म्हणून चक्कर आली, असं त्यावर लिहिलेलं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

"सही कर. काम टिकवायचंय ना?"

मी सातवी शिकले. बोट ठेवून सगळा कागद वाचला.

"ती उपाशी नव्हती. माझ्यासमोर जेवत होती."

कागद उलटा केला. कोऱ्या बाजूला लिहिलं: बंद खोली, तापलेली बॅटरी, वास, कमलबाई पडली. त्याच्याखाली सही केली. मोबाईलवर फोटो काढला आन् कागद त्यांच्या हातात दिला.

भीती अजून जात नाय. उद्या हाच फोटो घेऊन मी सरकारी कामगार ऑफिसात जाणार. काम गेलं तर जाईल. त्या खोलीत मी पाय ठेवणार नाय, आन् दुसऱ्या बाईला ठेवू देणार नाय.