वेणीची दाढी आणि कुऱ्हाड

गावाकडं धावड्यात असताना मी अंगणातून शेळीला हाक मारली, की भोकरदनच्या स्टँडवरून निघालेली एसटी थांबायची. अशा बाईला जालन्यात मुलाकडं राहायला आल्यावर सुनेनं एका खेळात घेतलं, आणि घेतलं ते स्वयंपाकीण म्हणून.

खेळ असा, की सून गोष्ट सांगते, बाकीचे टेबलाभोवती बसून त्या गोष्टीतलं एकेक माणूस होतात, आणि मारामारीत कोण जिंकलं ते फासा ठरवतो. आपलं माणूस आधी मोबाइलवर घडवायचं. त्याचं अ‍ॅप आहे. तोंड, अंग, हत्यार, ताकद, अक्कल, सगळं बोटानं पट्टी सरकवून. सुनेच्या ऑफिसातल्या एकाची बदली झाली म्हणून जागा मला मिळाली. माझं माणूस तिनं परस्पर तयारही केलं होतं: धर्मशाळेतली म्हातारी, रस्सा झकास करते, जखमा बांधते, सामानाजवळ थांबते.

"सूनबाई, हे तर मी जन्मभर करून राह्यले," मी म्हटलं. "खेळात बी तेच करू का?"

"आत्या, तुमच्या वयाला शोभेल असं केलंय."

मंग मोबाइल मीच हातात घेतला. लढणारी बाई निवडली तर तिची कंबर उसाच्या पाचटाएवढी, आणि चिलखत असं की डासालाही अडचण होऊ नये. वयाची पट्टी ओढली तर केस पांढरे झाले, कंबर तेवढीच. आणखी ओढली तर थेट चेटकीण. या दोघींच्या मधली बाई त्या अ‍ॅपवाल्यानं जन्मात पाहिलेली नसावी. शेवटी डोंगराखाली राहणारे बुटके सापडले. रुंद खांदे, पुढं आलेलं पोट, विष प्यायलं तरी ढेकर देणारे. बिलकुल मी. दाढी मात्र काही केल्या निघेना. नाही तर नाही. मी वेणी घातलेली घेतली, आणि हातात कुऱ्हाड.

रविवारी खेळायला बसल्यावर सुनेच्या ऑफिसातला एक जण म्हणाला, "काकू, बाईला दाढी?"

"तुला येत न्हाई म्हणून जळतो का रे?"

खेळात गुहेच्या तोंडाशी राक्षस आडवा आला. आत आधी कोण जाणार यावर सगळ्यांची चर्चा सुरू झाली, आणि काकूंनी सामान सांभाळावं यावर एकमत झालं. सूनही मान डोलवायला लागली. तोवर मी आत गेले होते. पहिल्या घावाला राक्षसाचा गुडघा असा उडाला, की शेजारणीच्या फळीवरचे डबे खाली आले. दुसऱ्या वेळी फासा वाईट पडला. त्यानं मला भाकरीसारखं थापलं.

सुनेचा आवाज एकदम मऊ झाला. "आत्या, हा फासा धरायचा नाही. तुम्ही मागंच होता असं समजू."

"काही समजायचं न्हाई. मी पुढं होते अन् पुढंच मेले. तसंच ठेव. आता दुसरी कर."

"ती स्वयंपाकीण आहे अजून अ‍ॅपमध्ये. तिला घेऊ?"

"तिला त्या राक्षसाला जेवायला वाढ."

सून हसली. मंग तिनंच बुटके उघडले, वेणीची दाढी लावली आणि खांद्यांची पट्टी टोकापर्यंत नेली.

"याच्यापुढं जात नाही, आत्या."

"आणि कुऱ्हाडीची?"

"ती जाते."

"मंग ओढ."