अरसीकेरेच्या फलाटावर

ह्यांना विसरण्याचा आजार जडला तेव्हा आधी मी देवीशी भांडले, मग विनवण्या केल्या आणि शेवटी बोलणंच सोडलं. बंगळुरूच्या पीण्या वसाहतीतल्या कारखान्यात उभा जन्म लेथ मशीनवर काढलेला माझा नवरा शर्टाचं बटण हातात धरून “ह्याचं काय करायचं असतं?” असं मला विचारू लागला होता. डॉक्टर म्हणाले, आता ही उतरणच आहे. अंबाबाईचं नाव घ्यायला बसलं की तोंडच उघडेना. जी ऐकत नाही तिला हाक तरी काय मारायची?

लग्नानंतर काही वर्षं आम्ही दोघं पाठीवर पिशव्या टाकून आगगाडीने कुठेही जायचो. उतरायचं कुठे हेसुद्धा ठरलेलं नसायचं. शिवमोग्गा त्यातलं ह्यांचं लाडकं. बंगळुरूचा गोंगाट मागे पडला की ह्यांचा चेहरा सैल व्हायचा. म्हटलं, पुन्हा तसंच जाऊ. मुलगी फोनवर रागावली, “आई, तुला एकटीला जमणार नाही.” पण त्याच वाटेवर, त्याच नारळीच्या बागा खिडकीतून बघताना ह्यांच्या आत काहीतरी जागं होईल, अशी वेडी आशा मला लागली होती.

काही जागं झालं नाही. तुमकुरूपर्यंत हे “घरी कधी जायचं?” एवढंच विचारत राहिले, मग पिशवी मांडीवर घेऊन बसले. कित्येक महिन्यांच्या जागरणांनी मी पार पिचून गेले होते. डोळा कधी लागला कळलंच नाही. जाग आली तेव्हा गाडी धावत होती आणि शेजारची जागा रिकामी होती. ह्यांची पिशवीही नव्हती.

संडासांची दारं ठोठावत मी डब्यामागून डबे पालथे घातले. परत आले तेव्हा समोरच्या बाकावरची मुलगी घाबरून म्हणाली, “आंटी, अंकल अरसीकेरेला उतरले. मला वाटलं, चहा घ्यायला असतील.” त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. खिशात पत्ता नव्हता, फोन माझ्यापाशी होता.

तिकीट तपासनिसांनी मागच्या स्टेशनात कळवलं. मी पुढच्या स्टेशनात, कडूरला उतरले आणि अरसीकेरेची बस धरली. बाहेर लख्ख ऊन होतं, शेतात माणसं कामं करत होती, आणि मला मात्र रुळांवर चालत जाणारी ह्यांची पाठच दिसत होती. कधीतरी, कंडक्टरला सुटे पैसे देताना, आतून शब्द आले, “आता तूच बघ. माझ्याने होत नाही.” त्यात भक्ती नव्हती हो. हातातलं ओझं गळून पडावं, तसं ते बोलणं होतं.

स्टेशनातल्या पोलिसाने मला लांब, फलाटाच्या टोकाकडे नेलं. शेवटच्या बाकावर हे बसले होते. शेजारी एक म्हातारी बाई भुईमुगाच्या शेंगा सोलून एकेक दाणा ह्यांच्या तळव्यावर ठेवत होती. तिच्या पदराचं टोक ह्यांच्या पिशवीच्या पट्ट्याला घट्ट बांधलेलं होतं.

“बा अम्मा, ये,” ती कन्नडमध्ये म्हणाली. “सारखे उठून रुळांकडे जायला बघत होते. म्हणून मीच गाठ मारून बसले.”

ती हुबळीला बहिणीकडे निघाली होती. तिची गाडी केव्हाच येऊन गेली होती.

“तुमची गाडी चुकली, अज्जी!” मी म्हणाले.

“दुसरी येईल की.” मग शेंगा बाजूला ठेवून ती म्हणाली, “आमचे यजमानही असेच झाले होते. एक दिवस घरातून गेले ते गेलेच. तेव्हा कुणीतरी असं धरून बसवायला हवं होतं.”

हे माझ्याकडे बघत होते. ओळख नव्हती डोळ्यांत. पण स्वतः सरकून त्यांनी बाकावर जागा केली आणि अज्जीला म्हणाले, “ह्या बाई दमल्यात. बसू द्या त्यांना.”

मी बसले आणि फलाटावर सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. अज्जीने नखांनी गाठ सोडवली. गाठ इतकी आवळली होती की पदराला चुण्या पडल्या होत्या. “स्वल्प खाऊन घे,” म्हणत तिने उरलेल्या शेंगा माझ्या ओटीत घातल्या.

आम्ही पुढच्या गाडीने शिवमोग्ग्याला गेलो. तुंगा नदीच्या काठी बसलो. ह्यांना काहीच आठवलं नाही. आज तर घासही भरवावा लागतो. चमत्कार झाला असं मी कुणाला सांगत नाही. त्या दिवशी मी पोचू शकत नव्हते तिथे देवीने आधीच कुणाला तरी बसवून ठेवलं होतं, एवढंच मला ठाऊक आहे, आणि त्या ऋणातून मला कधी मोकळंही व्हायचं नाही.

पूर्वी मी ह्यांना कुणाच्याच हाती देत नसे. आता संध्याकाळी शेजारचे अण्णा येतात, “सरी, बरं अक्का, आम्ही जाऊन येतो,” म्हणून ह्यांचा हात धरतात. दोघं हळूहळू कोपऱ्यावरून दिसेनासे होतात. मी दारात उभी राहून हात जोडते आणि आत येते.