उपरण्याखालचा हात

किसन गेल्याचा फोन आला, तेव्हा मी येरमाळ्याच्या बसथांब्यावर उभा होतो. सकाळी छातीत दुखले आणि कळंबच्या दवाखान्यात पोहोचण्याआधीच संपले, एवढेच त्याच्या मुलाने सांगितले. मी बस बदलून गावी परतलो. त्याला आता महिना होत आला.

किसन माझा धाकटा चुलतभाऊ, बैलबाजारातला दलाल. आमच्याकडे जुने दलाल बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालून बोटे धरतात. जितकी बोटे, तेवढा भाव. हात उजवाच लागतो, डावा चालत नाही. त्याचा उजवा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात मनगटापासून गेला आणि त्याबरोबर बाजारही सुटला. भाव मोबाइलवर लिहून दाखवा, असे मुलाने सुचवले. मग समद्या बाजारालाच दाखव की, असे म्हणून किसनने विषय संपवला.

पुण्याच्या एका रुग्णालयात प्रयोग चालू असल्याचे त्याला कळले. दंडातील मज्जातंतूंना बारीक तारा जोडायच्या. कृत्रिम हाताचे बोट दाबले की गेलेल्या बोटाला स्पर्श झाल्याचे जाणवावे. घरचा विरोध न जुमानता त्याने शस्त्रक्रिया करून घेतली. आरंभी नुसत्या मुंग्या येत. अंगठा दाबला तर करंगळी जागी होई... पुढे उत्तरे बरोबर येऊ लागली. कापडाखाली डॉक्टर बोटे धरत, तो अचूक सांगे. डॉक्टरांना आनंद झाला. त्यावर पाणी किसननेच फिरवले.

"हात न्हाय बोलला, साहेब. तुमचं तोंड बोललं."

समोरच्याचा चेहरा वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. डोळ्यांवर पट्टी बांधताच निम्मी उत्तरे चुकली. पण पट्टी बांधून बाजारात बसता येत नाही. तो थेट माझ्याकडे आला.

"दादा, तुमच्या तोंडावर काय बी उमटत न्हाय. वहिनी बी तेच म्हणतात. सरावाला तुमीच पाहिजे."

मग दुपारी माझ्या ओसरीवर त्याच्या उपरण्याखाली आमचे हात. तो चुके, मी मान हलवी, पुन्हा आरंभ. मध्येच पुण्याला जाऊन तारांचा प्रवाह जुळवून आणी आणि पुन्हा बसे. ज्वारी पेरली, निघाली. एके दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलेच नाही. अंगणातल्या लिंबाकडे बघत म्हणाला, "तीन. आन् जरा हळू धरा की, दादा."

त्यानंतरच्या बाजारात त्याने खिलारी जोडीचा सौदा जमवला. हात उजवा, चेहरा आकाशाकडे. शेवटपर्यंत त्याचा बाजार चुकला नाही.

तो हात रुग्णालयाने परत नेला. उपरणे माझ्या ओसरीवरच्या खुंटीला राहिले. अंत्यविधीला मी तेच घेऊन गेलो होतो. म्हाताऱ्याच्या तोंडावरची रेघ हलली नाही, असे माझ्या पाठीमागे कोणीतरी माझ्याबद्दल म्हणाले.

खरे आहे. माझा हात उपरण्याखाली होता.