सवतीची आंघोळ

शनिवारी दुपारी कारखान्यातले माग थांबले की काका कॉम्प्युटरची आंघोळ काढत. आंघोळ हा शब्द काकूंचा. नवरा दर आठवड्याला एक दुपार दार लोटून एका डब्याच्या सेवेत घालवतो म्हटल्यावर बायकोने त्या डब्याला दुसरं काय म्हणावं? संसाराच्या सुरुवातीलाच काकूंनी त्याला सवत ठरवून टाकलं, आणि तेव्हापासून "सवतीची आंघोळ झाली का?" ही चौकशी त्या घरात चहाइतकी नेमाची झाली.

कारखाना लेबलांचा. शर्टाच्या कॉलरला आतून विणलेली पट्टी असते, नवीन असताना मानेला टोचते, ती. तिची नक्षी पडद्यावर चौकट चौकट भरून रंगवायची, वायरीतून मागाकडे पाठवायची आणि मागाने ती धाग्यात उतरवायची. हा सगळा कारभार त्या एका जुन्यापुराण्या कॉम्प्युटरवर चाले. कधीकाळी तो पांढरा होता म्हणे. आता पार पिवळा पडला होता. फ्लॉपी घालायची फट शाबूत होती, फ्लॉपी मात्र बाजारातून केव्हाच गेली होती. पंखा तर असा घुरघुरे की पलीकडे लेबलं मोजणाऱ्या बायका म्हणत, काकांना झोप लागली वाटतं.

आंघोळीचा विधी ठरलेला. मागचे स्क्रू काढून बशीत ठेवायचे, कारण एक जरी घरंगळला तरी टेबलाखाली रांगायची वेळ यायची. झाकण उघडून ब्लोअर मारायचा. आतून धुळीपेक्षा धाग्यांचा कापूसच जास्त निघे. पंख्याची पाती रंगाच्या ब्रशने पुसायची, मधे तेलाचा थेंब सोडायचा. मेमरीच्या पट्ट्या उपसून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासायच्या. मग सगळं जिथल्या तिथे बसवून बटण दाबायचं आणि श्वास धरून उभं राहायचं. आंघोळ सोडली तर तो रात्रंदिवस चालूच असे. एकदा निजवलेला पुन्हा उठेल याची हमी कोण देणार?

दर वेळी उठायचा मेला. अलीकडे काकांच्या मनात हेच शब्द येत, आणि हे त्यांनी जिवंत माणसाला सांगितलेलं नव्हतं. सगळ्या कारखान्याची खात्री होती की काकांचा त्या यंत्रावर भारी जीव. खरं सांगायचं तर काकांना ते डोळ्यांसमोर नको झालं होतं. कापसाने घसा धरायचा, वाकून कंबर धरायची, आणि रविवार अंग शेकण्यात जायचा. पण ज्याला त्याला आपलं प्रेमच दिसत होतं.

यात दुसऱ्या कुणाचा दोष नव्हता. थोरले मालक गेले, धाकटे गादीवर बसले आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, नवा घेऊन टाकू या का? काकांनी मनात हिशेब मांडला. नवा कॉम्प्युटर आला की मागोमाग नवा माणूसही येणार, आणि मुलीचं शिक्षण तर अर्ध्यावर. तेव्हा काकांनी छाती पुढे काढून ठोकून दिलं, की मी आहे तोवर ह्याला मरण नाही, आणि ह्याला हलवायचं तर आधी मला हलवा. मालक वरमले, विषय मिटला. भीतीपोटी मारलेली बढाई निष्ठा म्हणून खपली. मुलगी शिकली, नोकरीला लागली, लांबच्या गावी सासरी गेली, पण दिलेला शब्द काही केल्या मागे घेता येईना.

मुलीच्या बाळंतपणाला दोघंही गेले होते. काका पंधरा दिवसांत परतले, काकू तिथेच राहिल्या. आधी बाळ लहान म्हणून, मग मुलीची नोकरी म्हणून, आणि पुढे कारण सांगायचीही गरज उरली नाही. काका रिकाम्या घरी जाण्याआधी कॉम्प्युटरच्या खोलीतूनच रोज संध्याकाळी फोन लावत. काकू म्हणत, सवत घोरतेय तुमची, ऐकू येतंय इथे. मग विचारत, कधी येताय? काका म्हणत, बघू, कुणी तयार झालं की. तयार कोण होणार? त्या यंत्राला हात लावायला कुणी धजत नव्हतं, आणि ते बसलं तर माग बसणार, मागांवरची माणसं बसणार. इकडे नातीचे दुधाचे दात पडायला लागले.

शुक्रवारी संध्याकाळी काकूंनी थट्टा केली नाही. जेवणाचं विचारलं, औषधाचं विचारलं, आणि म्हणाल्या, "कधी येताय, ते मी आता विचारणार नाही." आवाजात राग असता तर काकांनी समजूत काढली असती. पण राग नव्हता. विचारून विचारून बाई दमली होती.

दुसऱ्या दिवशी आंघोळ अर्ध्यावर आली असताना काकांचे हात थांबले. झाकण उघडं टाकून, ब्रश हातात तसाच घेऊन ते मालकांच्या केबिनमध्ये गेले. वाटेत जुळवलेली वाक्यं दारातच विसरली.

"मला सोडा आता," ते म्हणाले. "दमलो मी."

मालकांनी बसायला सांगितलं, पाणी पुढे केलं. "आणि त्याचं काय, काका?"

बघणारं कुणीतरी शोधा, काका म्हणाले, मी शिकवीन त्याला, महिना लागला तरी शिकवीन.

मालकांनी काकांच्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं. मग उठून त्यांनी मागचं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, चादरीखाली, एक कॉम्प्युटर होता. नवाच म्हणायचा, पण ठेवून ठेवून तोही जुना होत चाललेला. मालक हळूहळू सांगत गेले. काका नातीच्या वेळी रजेवर होते तेव्हा तो आणला होता. सगळ्या नक्ष्या त्यात उतरवून घेतल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी मागाला जोडून पाहिला तर पहिल्या फटक्यात चालला. काका आले की सांगायचंच होतं.

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही गाडीतून उतरून थेट इथे आलात, काका. खांद्यावरची बॅगही खाली ठेवली नाहीत. आधी त्याच्या पाठीवर हात ठेवलात. मी दारातून पाहिलं, आणि माझी जीभच रेटेना."

काकांना ती सकाळ लख्ख आठवली. पाठीवर हात ठेवला होता खरा. पंधरा दिवस पंखा साफ झाला नव्हता; डबा तापलाय का, एवढंच ते बघत होते.

हे मालकांना सांगून उपयोग नव्हता. भलेपणाने वागलेल्या माणसावर चिडायचं तरी कसं? शिवी तोंडात येईना, रडू येईना. एवढंच मनात आलं, की नातीचं पहिलं पाऊल, पहिला शब्द, सगळं त्या चादरीखाली पडून होतं आणि आपण इकडे कापूस झाडत बसलो. "सोमवारी नवा जोडून घ्या," म्हणून ते उठले.

खोलीत आल्यावर हातांनी आपलं काम पुरं केलं. पट्ट्या बसल्या, बशीतले स्क्रू जागेवर गेले, बोटाने बटण दाबलं. नको म्हणायचं काकांना सुचलंच नाही. पडदा उजळला, पंखा घुरघुरू लागला. काका खुर्चीत बसले आणि त्यांनी फोन लावला.

"अगं, ते बंद पडलं," ते म्हणाले. कपाटाची गोष्ट समोरासमोर बसून सांगायची होती; फोनवर ती तोंडातून निघाली नसती.

काकू थकल्या आवाजात म्हणाल्या, "कशाला खोटं बोलता हो? घोरणं ऐकू येतंय मला."

काकांनी फोन कानाला तसाच धरून हात लांब केला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा विझला. पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला, आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता नाही येत," काकू म्हणाल्या. मागे नात कुणाचा फोन म्हणून विचारत होती, तिला त्यांनी जवळ ओढलं. मग त्यांनी विचारलं, "कधी येताय?"