रेषेबाहेरची कुजबुज

मंडईत लिलाव पुकारणाऱ्या मामाचा आवाज म्हणजे आवाज होता, हो! इकडे कोबीचा भाव फुटायचा आणि तिकडे काट्यावरचा माणूस दचकायचा. संध्याकाळी तोच आवाज मैदानावर. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा तो प्रशिक्षक. "पास दे! डावीकडे! अगं, डोळे घरी विसरलीस का?" मुली तोंडावर मामा म्हणायच्या, पाठीमागे भोंगा. त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून बरंही वाटायचं.

मग घशातली गाठ काढावी लागली. गाठ साधी निघाली, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. उरली नुसती कुजबुज. मालकाने त्याला लिलावावरून काढून काट्यावर बसवलं. बायको म्हणाली, "चला, लग्नानंतर पहिल्यांदाच माझं बोलणं मला ऐकू येतंय," आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. तेवढं त्याने पचवलं. पण संघाचं काय? असल्या गळ्याने पोरींना शिकवायचं काय, कप्पाळ?

पहिल्याच सामन्यात फजिती झाली. चेंडू पायाशी आला की प्रत्येक पोरगी मान वळवून मामाकडे बघायची. सवयच तशी! पास कुणाला द्यायचा हे आजवर त्यानेच ओरडून सांगितलेलं. मान वळेपर्यंत समोरचीने चेंडू पळवलेला. पाच गोल खाल्ले. मामा रेषेबाहेर माश्या हाकलल्यासारखे हात हलवत राहिला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "पुढचा सामना शेवटचा. माझ्यापायी पोरींचं नुकसान नको."

सरावाला गोलकीपर त्याच्याजवळ आली. ट्रकड्रायव्हरची मुलगी, एरवी तोंडातून शब्द निघेल तर शपथ. "मामा, मागून मला सगळं मैदान दिसतं. मी सांगू का त्यांना?"

मामाने मान डोलावली. बिघडायचं राहिलं होतंच काय?

आणि सामन्यात त्या पोरीने तोंड उघडलं! "उजवीकडे ती मोकळी आहे! मागे बघ, मागे! अगं, डोळे घरी विसरलीस का?" शब्द मामाचे, ठसकाही मामाचाच. पोरी फिस्सकन हसल्या आणि खेळायला लागल्या. हळूहळू बचावातली बोलायला लागली, मग पुढची. मैदानभर नुसता गलका. एकदा गोलकीपर ओरडली, "थांब, देऊ नकोस!" मामाने तर तिथे पास द्यायलाच लावला असता, आणि तोंडावर आपटला असता. त्याचा ऊर भरून आला.

सामना बरोबरीत सुटला. आपण संघ सोडतोय हे आता सांगून टाकायचं, म्हणून त्याने पोरींना बोलावलं. पूर्वी तो बोलायला लागला की त्या चार हात लांब उभ्या राहायच्या. आज कुजबुज ऐकू यावी म्हणून घामेजलेल्या पोरी एकमेकींच्या खांद्यावरून वाकून कान पुढे करत त्याला चिकटल्या. कुणी पाण्याची बाटलीसुद्धा उघडेना. इतका जिवाचा कान करून त्याचं बोलणं जन्मात कुणी ऐकलं नव्हतं. ठरवलेलं वाक्य काही केल्या बाहेर येईना.

"काय म्हणालात, मामा?" गोलकीपरने विचारलं.

"फार उपकार केलेत गं, पोरींनो," तो कुजबुजला. "उद्या सराव आहे. वेळेवर या."