‘फादर’मधले शब्द

काल संध्याकाळी खिडकीतून एमआयडीसीचा तो उग्र केमिकलचा वास आत आला आणि बाबा आठवले. त्यांच्या शर्टाला कायम हाच वास असायचा.

मी पाचवीत होते. ‘फादर’च्या स्पेलिंगमधली अक्षरं घेऊन नवे इंग्रजी शब्द शोधायचा अभ्यास मिळाला होता. फर्स्ट शिफ्ट करून आलेले बाबा हातपाय धुऊन माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसले. हॅट, हीट, फिअर त्यांनी भराभर सांगितले. मग डोळे मिटून म्हणाले, “रेस्ट लिही.”

“बाबा, त्यात एस कुठाय?”

“नाही का?” ते हसले. “मग आफ्टर लिही. आफ्टर म्हणजे नंतर.”

एवढा मोठा शब्द मिळाल्यावर मी टाळ्याच पिटल्या. वर बघितलं तर बाबा बसल्या बसल्या झोपले होते. आईने त्यांचा चहा परत पातेल्यात ओतला.

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झालेय. ऑफिसातून बदलापूरला घरी पोचले की अंगात त्राण उरत नाही. लेक वही घेऊन आली की तोंडातून पहिल्यांदा “थांब गं जरा” हेच निघतं. बाबा त्या दिवशी एकदाही “थांब” म्हणाले नव्हते; डोळे मिटत असतानाही शब्द सांगत राहिले होते.